जीपचे पहिले चाक

"आत्या, एकच चाक रंगवून दाखवते. नाही पटलं, तर उद्या खुशाल भंगारवाल्याला जीप दे," मृण्मयी म्हणाली.

याच जीपमधून सिंधुआत्यांनी सातपुड्याच्या पाड्यापाड्यांवर तीस वर्षे परिचारिकेचे व्रत आचरले होते. "माझी सेवा संपली, तशी तिचीही," एवढेच त्या म्हणाल्या. पण अंगणात खुर्ची घेऊन बसल्या.

टायर काढून, गंज खरवडून मृण्मयीने चाक टांगले, त्याला अर्थिंगची तार जोडली आणि पूड विजेने भारून फवारणाऱ्या गनमधून पावडर कोटिंगची, म्हणजे भट्टीत वितळवून बसवायच्या रंगाची, कोरडी हिरवी पूड उडवली. पूड चाकाला न चिकटता जमिनीवर पडली.

"जीपलाच नकोय गं नवा रंग," आत्या म्हणाल्या.

मृण्मयीने निरखून पाहिले. तार जोडली होती नेमका तिथेच वीज अडवणारा जुन्या रंगाचा थर राहिला होता. तो तिने कानशीने घासला, उघड्या लोखंडाला तार जोडली आणि पुन्हा पूड उडवली. या वेळी विजेने भारलेली पूड चाकाला बिलगली. एवढेच नव्हे, तर गनसमोर नसलेल्या मागच्या बाजूवरही आपणहून वळून जाऊन बसली. आत्या खुर्चीतून उठल्या.

बेकरीतून आणलेल्या जुन्या भट्टीत चाक तापू लागले. काचेआडची ती मलूल पूड हळूहळू वितळली आणि लोखंडावर धुतलेल्या केळीच्या पानाचे तेज उमटले. आत्यांनी नकळत डोक्यावर पदर घेतला.

मग त्या म्हणाल्या, "त्या भंगारवाल्याला नको म्हणून कळव. आणि आलाच, तर म्हणावं, चाकं बसवू लाग."