गोडसर बिअर

बिअरचा तिसरा घाणाही पांचट निघाला. ओटाकारने घोट तोंडात घोळवला, कसाबसा गिळला आणि ग्लास तळघरातल्या फळीवर ठेवून दिला.

"पुन्हा तेच?" जिन्यावरून व्लास्ताने विचारलं.

"पुन्हा तेच. नुसतं सरबत झालंय."

"मला तर गोडसरच आवडते."

"तुला आवडली म्हणजे नक्कीच बिघडली," असं म्हणून तो तिथेच पिंपावर बसला. बायकोवर चिडण्याचंही त्राण आता राहिलं नव्हतं.

त्याचं सगळं तपासून झालं होतं. वजनकाट्यावर शंका होती, म्हणून साखरेचं पुडकं ठेवून पाहिलं. काटा बरोबर होता. कडवटपणासाठी टाकायची हॉप्सची फुलं पहिल्या घाण्याला पाऊण तास उकळली होती, दुसऱ्याला पूर्ण तास, तिसऱ्याला तासाहून जास्त. पाणी नळाऐवजी झऱ्यावरून आणलं. शेवटी फुलं दीडपट टाकली. तरी कडवटपणा यायचं नाव नाही. हे हॉप्सचं खूळ त्याच्या डोक्यात इतकं भिनलं होतं की हल्ली अंथरुणातही त्याच फुलांचा वास येई.

झोप तेवढी लागत होती, ही एक मेहेरबानी. कोळशाच्या खाणीतल्या रात्रपाळ्यांनी गेलेली झोप नोकरी सुटल्यावरही परतली नव्हती. डॉक्टरच्या गोळ्या झाल्या. व्लास्ताच्या आजीचे उपाय तर त्याने ऐकूनही घेतले नाहीत. पण ऑक्टोबरपासून तो आपोआप झोपू लागला होता.

तपासायची राहिली होती ती फक्त फुलं. त्याने थैली उलटी केली. फुलं तपकिरी, कोरडी, कुबट. चुरगळली तरी ताज्या फुलांची ती कडू, पिवळी भुकटी बोटांना चिकटेना.

ही थैली यारोमीरची होती. झातेत्स गावाच्या रस्त्यावर त्याचं घर, अंगणात हॉप्सचे वेल. चाळीस वर्षं तो वेचणी संपली की पहिली थैली ओटाकारला आणून देई आणि नाताळात त्याच फुलांची बिअर दोघं मिळून पीत. यंदा ऑगस्टमध्ये गारांनी वेल झोडपले, तरी थैली नेहमीसारखी भरून आली होती.

ओटाकारने कोट चढवला.

यारोमीर अंगणात वेलांचे खांब काढत होता.

"ही फुलं यंदाची आहेत?" ओटाकारने मूठ पुढे केली.

यारोमीरने बघितलंही नाही. "गेल्या वर्षीची."

"आणि यंदाची?"

"थोडीच वाचली. संपली."

"कोणाला दिलीस?"

"दिली एकाला."

"जास्त गरजू असेल!"

"होता खरा." यारोमीरने खांब भिंतीला टेकवला. "तुझं कसं चाललंय? झोप लागते ना हल्ली?"

"विषय बदलू नकोस. मी तीन महिने स्वतःला दोष देत बसलोय. आणि तू मला कचरा देऊन चांगला माल दुसऱ्याच्या घशात घातलास!"

"सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

त्याने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. हे निमूट मान्य करणं ओटाकारला फार लागलं.

"नाताळात माझ्या दाराशी येऊ नकोस," तो म्हणाला. "पुढेही नको."

यारोमीरने हातमोजे काढले, पुन्हा घातले. "बरं," एवढंच म्हणाला.

घरी येऊन ओटाकार बुटांसकट पलंगावर आडवा झाला. चाळीस वर्षं एका वाक्यात संपवून आलो, हे आता त्याला उमगत होतं. राग यारोमीरचा की स्वतःचा, तेही कळेना. त्याने उशीवर एक बुक्की मारली. शिवण उसवली. पिसांबरोबर मलमलीची एक पुरचुंडी बाहेर आली आणि तिच्यातून फुलं सांडली. हिरवी, भरदार. त्याने एक चुरगळलं, तर बोटं पिवळी आणि चिकट झाली.

दारात व्लास्ता उभी होती.

"आजीचा झोपेचा उपाय," ती म्हणाली. "तू ऐकून घेतलं नसतंस, म्हणून न सांगता शिवलं."

"तूच काढलीस? माझ्या थैलीतून?"

"छे. थैलीत होतीच कुठे? गारांतून वाचली ती एवढीच. यारोमीरने मूठ मूठ निवडून आणली, आणि म्हणाला, बिअर पुढच्या वर्षीही होईल."