गुडघे टेकणारी गाडी

मास्तर दुकानातून घरी आले तेव्हा गाडी पुन्हा डाव्या अंगाला बसलेली होती. उजवी बाजू ताठ आणि डावी जमिनीला टेकायला आलेली. म्हाताऱ्या हत्तीने एका बाजूचे गुडघे मोडावेत तशी.

"बसल्या वाटतं बाईसाहेब," शेजारचे वकील आपल्या दारातून म्हणाले. त्यांचं दार गाडीच्या डाव्या बाजूलाच. "मास्तर, तुम्ही आपले कपडे शिवा. असले हत्ती राजांनी पाळावेत."

"राजाने सोडला म्हणूनच माझ्या दारात आला," म्हणत मास्तरांनी किल्ली फिरवली. पंप घरघरला आणि गाडी कुरकुरत उभी राहिली.

कधीकाळी कुणा बड्या असामीची होती ती. उंच, चारही चाकं ओढणारी, आतून चामड्याची, लाकडी पट्ट्यांची. आता चामडं फाटलं होतं, छताचं कापड लोंबत होतं. ते मास्तरांनी घरच्या मशीनवर शिवून पुन्हा ताणून बसवलं. पेट्रोल तर अशी प्यायची की पंपावरचा माणूस लांबूनच नमस्कार करायचा.

पण मास्तरांनी ती मिरवायला घेतली नव्हती. लेकीचं बिऱ्हाड डोंगरमाथ्यावर, जावयाच्या जंगलखात्याच्या वस्तीत. वरचा रस्ता म्हणजे नुसते दगडधोंडे. भाड्याच्या गाड्या पायथ्याशीच हात जोडायच्या. वर नात जन्मली होती आणि तिच्या आजीने तिचं तोंड अजून पाहिलं नव्हतं.

आजी म्हणजे मास्तरांची बायको. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची. उभा जन्म इस्पितळात गेला. धिप्पाड रुग्णाला खाटेवरून उचलायचं झालं की हाक सिस्टरलाच. लेकीने आईच्या मनाविरुद्ध लग्न केलं तेव्हा "तुझ्या दारात पाय ठेवणार नाही" म्हणाली, आणि बाई शब्दाची पक्की. पुढे खुब्याचं हाड मोडलं, हातात काठी आली. ताठा तेवढा मोडला नाही.

गाडी आणली त्या दिवशी मास्तरांनी हौसेने दार उघडलं होतं. सिस्टरने एकदा पाय उचलला, परत खाली ठेवला. मास्तर तिला उचलून घ्यायला वाकले, तसा तिने त्यांचा हात झिडकारला.

"राहू द्या. तुमची गाडी तुम्हालाच लखलाभ."

गाडी पोचवायला आलेला मिस्त्री शेजारीच उभा होता. विषय बदलावा म्हणून तो म्हणाला, "वहिनी, हिला स्प्रिंगांच्या जागी हवेच्या पिशव्या आहेत. कधी बसलेली दिसली तर घाबरू नका. चालू केली की उठते. जातीचा स्वभाव आहे."

सिस्टर काठी टेकत आत गेली.

मास्तरांना मात्र तो स्वभाव परवडणारा नव्हता. अर्ध्या चढावर हवा गेली आणि पंपही दगावला तर? त्यांनी पिशव्या बदलल्या, नळ्या बदलल्या. वेळ पडली तर हातपंपाने हवा भरता यावी म्हणून मिस्त्रीने चाकांवरच्या कमानीत, सहज हात पोचेल असे, सायकलसारखे व्हॉल्व्हही काढून ठेवले. तरी मास्तर संध्याकाळी घरी येत तो गाडी बसलेली. आणि बसायची ती नेहमी डावीकडेच.

"येत्या रविवारी निघायचं," जेवताना ते म्हणाले.

"बघू."

"अगं, बघू काय? पोर लहान आहे तोवर मांडीवर घेशील, का तिच्या लग्नात?"

"मला काय विचारता? तुमची गाडी निघते का दारातून? रोजचं आपलं उद्या आणि उद्या."

"जरा किरकोळ राहिलंय."

"तुमचं मेलं सगळं किरकोळच राहिलेलं असतं," सिस्टर म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

मास्तरांनी दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला पुन्हा गाडीखाली घातलं. साबणाचं पाणी लावून त्याने प्रत्येक जोड तपासला. कुठे बुडबुडा नाही. तो हात पुसत बाहेर आला.

"मास्तर, हवा स्वतःहून जात नाही. कुणीतरी सोडतंय."

दोघांनीही वकिलांच्या दाराकडे पाहिलं.

त्या दुपारी मास्तरांनी एका गिऱ्हाइकाचा कोट अर्धा शिवलेला तसाच टाकला, दुकान ओढून घेतलं आणि समोरच्या घराच्या जिन्याखालच्या अंधारात येऊन उभे राहिले. कोर्टातला तो वकील, त्याला रंगेहाथच धरायला हवा. वकील बाहेर आले. गाडीपाशी थबकले. नाक मुरडलं आणि छत्री आपटत निघून गेले.

मग मास्तरांच्या स्वतःच्या घराचं दार करकरलं.

सिस्टर काठी टेकत बाहेर आली. गल्लीत कुणी नाही असं पाहून तिने केसातला आकडा काढला, बॉनेटला रेलली आणि पुढच्या कमानीत हात घातला. हवा सूं करून सुटली. मग मागच्या चाकाची.

मास्तरांनी अंधारातून सगळं पाहिलं. एवढा राग? पोटच्या पोरीचं, त्या इवल्या जिवाचं तोंड पाहावं लागू नये म्हणून रोज ही अशी? देवा, हिच्या मनात मायेचा थेंबसुद्धा उरू दिला नाहीस? उद्याच हा हत्ती भंगारात घालायचा, आणि लेकीला सांगून टाकायचं, आईची वाट पाहू नकोस. पण आधी हिला तोंडावर विचारायचं. ते एक पाऊल पुढे आले.

सिस्टरचं लक्ष नव्हतं. गाडीची डावी बाजू पुरती खाली येईपर्यंत ती थांबली. मग तिने दार उघडलं, काठी आत टाकली आणि दांडी घट्ट धरून पाय उचलला. पाय अडखळला. तिने ओठ आवळले, दम घेतला, पुन्हा उचलला आणि कुणाचाही हात न घेता पुढच्या सीटवर जाऊन बसली. क्षणभर समोर पाहिलं. मग खाली उतरली, दार लावलं आणि पुन्हा पहिल्यापासून चढायला लागली.