वॉर्डातली प्रार्थना

पांडुरंगराव आणि मी रोज सकाळी आमच्या भनपुरी वस्तीतल्या टपरीवर चहा-पोहे घेतो. खाण्याआधी देवाचे आभार मानायची माझ्या ख्रिस्ती घरातली सवय. पण चारचौघांत डोळे मिटायला मला संकोच वाटतो, म्हणून मी चष्मा पुसता पुसता मनातल्या मनात प्रार्थना उरकतो.

आज त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. वॉर्डात त्यांना न्यायला स्ट्रेचर आलं, तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"साळवे, रोज चष्मा पुसताना जे म्हणता, ते आज माह्यासाठी म्हणा."

"तुमाले मालूम होतं?"

"इतकं पुसून काच तर एक दिवसबी साफ झाली नाही. अन् जरा मोठ्यानं म्हणा, मलेबी ऐकू द्या."

मी मोठ्यानं प्रार्थना सुरू केली. येशूच्या नावानं त्यांचं आयुष्य मागितलं आणि आमेन म्हटलं. स्ट्रेचर गेलं. सारा वॉर्ड माझ्याकडे पाहत होता. मी मान खाली घालून निघणार, तोच पलीकडच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "भैया, कल मेरा भी ऑपरेशन है. मेरे लिए भी बोल दो."

मी तिच्या उशाशी गेलो आणि तिचं नाव विचारलं.