तब्येत जरा जास्त

फोनवरचं बोलणं पुरतं संपायच्या आतच चांगदेव काय ते समजला.

फोन आणे गावाहून आला होता, त्याच्या सासऱ्यांच्या शेजारच्या गेणभाऊंचा. "तात्यांची तब्येत जरा जास्त हाये, पावणं. ताईला घेऊन लगेच निघा. आन येताना थोडी काकवी आणा, तात्या मागत्यात."

चांगदेवनं रिसीव्हर हळूच खाली ठेवला आणि दूध डेअरीवर जमलेल्या माणसांकडे बघून मान हलवली. "सासरं गेलं."

"गेणभाऊ तसं म्हणला का?" जीपवाल्या जानकूनं विचारलं.

"गेलं आसं फोनवर कुणी सांगतं का, राव? तब्येत जरा जास्त हाये म्हणायचं. पुढच्यानं समजून घ्यायचं आसतं."

"आन काकवी?"

"ती बाईमाणसाला शंका यिऊ नये म्हणून. एवढं कळाया नको?"

जानकू जीप काढायला उठला. पारगावात चांगदेवच्या समजुतीला मान होता. लग्नात आधी कोणाला मानाची टोपी घालायची, कोणत्या भावकीत कोणता विषय काढायचा नाही, हे लोक त्याला विचारून ठरवत. अर्ध्या शब्दात ओळखणारा माणूस, असं म्हणत. त्यालाही ते ऐकायला बरं वाटे.

घरी बायकोला त्यानं रीतीप्रमाणे तेवढंच सांगितलं. तब्येत जास्त आहे, काकवी मागितलीय. रत्ना घाईघाईनं उठली. गुऱ्हाळावरची ताजी काकवी घरात होतीच. आण्याच्या पठारावर कुठला ऊस? तात्या लेकीकडे आले की भाकरी काकवीत बुडवून खायचे आणि नंतर बोटं चाटत बसायचे. तिनं बरणी गळ्यापर्यंत भरली, झाकणाखाली फडकं घातलं आणि ती पोटाशी धरून बाहेर आली.

जीपमध्ये भावकीतल्या बायका आधीच बसल्या होत्या, पदर कपाळापर्यंत ओढून. सासू, ठमाबाई, तिच्याकडे बघेना. रत्नाचा एक पाय जीपमध्ये होता, दुसरा जमिनीवरच राहिला.

"ही कशाला घेतली?" चांगदेवनं तिच्या हातातली बरणी काढून घेतली. "मयताच्या घरी गोड नेत्यात का? जरा तरी अक्कल?"

आपला बाप गेला हे तिला असं कळलं. जीप निघाली तेव्हा बरणी ओट्यावरच होती.

आळेफाट्याला चांगदेव खाली उतरला. मयतावर टाकायला पांढरं कापड आणि शेवंतीचा हार पिशवीत घालून घेऊन आला. जावयाचं कापड आधी पडलं पाहिजे, हेही त्याला कोणी सांगावं लागलं नाही. घाट चढून जीप आण्यात शिरली तशी ठमाबाईनं सूर लावला. बाकीच्या बायकांनी तो उचलला. रत्ना आळेफाट्यापर्यंत रडून रडून कोरडी झाली होती, ती नुसती पुढे बघत होती. दारापाशी जीप थांबली आणि बायका रडतच खाली उतरल्या.

अंगणात बाजेवर, कांबळं पांघरून, तात्या बसले होते. गेणभाऊ त्यांना बशीतून चहा पाजत होते. एवढ्या बायका रडत येताना बघून तात्यांनी बशी बाजूला सारली.

"गेणभाऊ, कोण गेलं रं?"

सूर तिथंच तुटला. मागं राहिलेल्या एका बाईला काही दिसत नव्हतं, ती तशीच रडत होती. तिला कोणीतरी कोपरानं ढोसलं.

गेणभाऊ उठून चांगदेवजवळ आले. "तब्येत जास्त हाये म्हणलं व्हतं म्या, पावणं," ते हलक्या आवाजात म्हणाले. "जास्तच व्हती. फोन केला आन मागनं ताप उतारला."

चांगदेवचे कान तापले. इथून कुठंतरी निघून जावं, निदान जीपच्या आडोशाला तरी उभं राहावं, असं त्याला झालं. पण सगळं अंगण त्याच्याकडेच बघत होतं. त्यानं हातातली पिशवी पाठीमागं धरली.

रत्ना धावत जाऊन बापाच्या पायाशी बसली. पाय दोन्ही हातांनी चाचपत राहिली. ते उबदार होते.

तात्या आलेली माणसं न्याहाळत होते. "येवढी माणसं माझ्यासाठी आली व्हय?" त्यांचा चेहरा फुलला. मग ते लेकीकडे वाकले. "काकवी आणली का गं? तोंडाला चवच न्हाई. चार दिस तिचीच आठवण येती."

रत्नानं नवऱ्याकडे एकदा पाहिलं.

"ऱ्हायली, तात्या. गडबडीत ध्यानातच आली न्हाई माझ्या. मला कुठं अक्कल!"

जीपमधून उतरलेल्या प्रत्येकानं ओट्यावरची बरणी पाहिली होती. ठमाबाईनं पदर पुन्हा कपाळावर ओढला. काकवी माझ्यामुळं राहिली, एवढंच चांगदेवला सांगायचं होतं. त्यानं पिशवी आणखी मागं सारली.

"आसू दे गं," तात्या लेकीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले. "आमचं पावणं शाहाणं हायेत. ते काय रित्या हातानं येत्यात व्हय?"

आणि हसत हसत त्यांनी पिशवीसाठी हात पुढे केला.