उघडा हात

या, असे पुढे सरकून बसा. आज पूर्वरंग गाळतो आणि थेट आख्यानाला लागतो. भवानी पेठेतल्या, लोखंडाला क्रोमचा मुलामा देणाऱ्या कारखान्यातली, एका हाताची गोष्ट आहे.

गिऱ्हाईक म्हणून आलेल्या विश्वजीतरावांनी चाक अभयच्या टेबलावर आदळलं. जुन्या मोटारीचं, आरशासारखं लखलखणारं. फक्त एका बाजूला क्रोमचा पापुद्रा सुटून खालचं लोखंड उघडं पडलं होतं.

"दिवाळीत चढवलंत, होळीला सोलून निघालं. अभयशेठ, कांदा होता का हो हा?"

अभयनं हातातली वही मिटली.

"तात्यारावांच्या हातचं चाक कधी परत आणावं लागलं नाही. कारभार तुमच्याकडे आला आणि लगेच कला दिसली."

दसऱ्यापासून कारभार अभय बघत होता. त्याचे वडील, तात्याराव, नुसते येऊन बसायचे. संक्रांतीच्या सुमारास ते वारले. तेव्हापासून रोज कोणीतरी हेच ऐकवून जाई. तो मुलाम्याच्या हौदांकडे वळून ओरडला, "हिराबाई! या, आपलं कर्तृत्व बघायला या!"

हिरा हातमोज्यांसकट आली. चाक धुऊन हौदात सोडायचं काम तिचं. धुतलेल्या चाकाला उघडा हात लागला की हाताचं तेल तिथंच राहतं. वर क्रोम चढतं, चमकतं, आणि काही महिन्यांनी नेमकं तेवढ्याच जागी सुटतं. हे तिला तात्यारावांनीच शिकवलेलं.

"उघडा हात लावलात," अभय म्हणाला. "मोजे काय शोभेला दिलेत?"

"मी लावत नाही."

"मग भूत लावून गेलं?"

"शेठ, जरा जपून बोला. तुमची शाळा सुटायची होती तेव्हापासून चाकं सोडतेय मी. माझा हात निघाला ना, तर या पावली घरी जाते. दाखवा इकडे!"

तिनं मोजा ओढून काढला, आपला हात मापाला लावायला वाकली, आणि तशीच थांबली.

सुटलेल्या क्रोममध्ये अख्खा हात उमटला होता. रुंद, पुरुषी. करंगळीशेजारचं बोट अर्ध्यातच संपलेलं.

तात्यारावांचं ते बोट पॉलिशच्या यंत्रात गेलं होतं. सकाळी हौदाच्या कडेला हात लावून तो कपाळाला लावायचा, ही त्यांची रोजची रीत. शेवटी शेवटी त्यांना विसर पडायला लागला होता. एखाद्या सकाळी हात हौदाऐवजी चाकाला लागला असणार.

"काय झालं? मापात बसेना?" अभयनं विचारलं.

"बोलती बंद झाली बघा," विश्वजीतराव म्हणाले. "तात्यारावांनी असला हलगर्जीपणा खपवून घेतला नसता. सोन्याचा हात होता त्या माणसाचा!"

हिरानं उघड्या हाताची मूठ वळली.

"माझाच आहे," ती म्हणाली.

"मग निघा." अभयनं दार दाखवलं. "या पावली."

मोजे खुंटीला अडकवून ती निघाली. दारात चपला घालताना तिनं वळून पाहिलं. अभय चाकावर वाकला होता. खुणेवरून फिरणारं त्याचं बोट त्या अर्ध्या बोटापाशी थांबलं होतं. त्यानं मान वर केली, थेट तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले.

"एवढं काय बघताय त्यात?" विश्वजीतराव पुढे झुकले.

अभयनं झटकन आपला हात पसरला आणि त्या खुणेवर झाकण ठेवावं तसा ठेवला.

हिरा उन्हात उतरली. मागून कोणी हाक मारली नाही.

तेव्हा मंडळी, सांजेला हात जोडाल त्या वेळी जोडलेल्या हातांत एवढी हिराची आठवण असू द्या.