मास्तरांची मिशी

"अरे, मी अजून जिवंत आहे!" खाटेवरून मामंजी ओरडले. बाप गेल्यावर उतरवायची मिशी ह्यांनी सकाळीसकाळी उतरवून टाकली होती. लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर मला आधी तीच दिसली होती, जाडजूड, ओठ झाकणारी.

"घाम येतो," हे म्हणाले. आजवर कधी नव्हता आला?

मग रोज आरशासमोर उभं राहून आवाज न करता ओठ हलवणं सुरू झालं. कोणाशी बोलायची तयारी चाललीय, हे न कळायला मी काही दूधखुळी नाही. ह्यांच्या शाळेत नुकत्याच एक नव्या बाई बदलून आल्या होत्या. शेवटी एक दिवस मी ह्यांचा डबा मुद्दाम घरीच ठेवून घेतला, आणि दुपारी तो घेऊन थेट वर्गाच्या दारात उभी राहिले.

हे फळ्यावर लिहीत होते, एक शब्द न बोलता. लिहून झालं की पोरांकडे वळायचे आणि मगच सावकाश बोलायचे. बाई कुठे दिसेना. "कुठाय ती?" मी ओठांतल्या ओठांत पुटपुटले.

"कोण?" पहिल्या बाकावरच्या मुलीने जड जिभेने विचारलं. तिच्या कानामागे मशीन होतं. बाकी कोणालाच काही ऐकू गेलं नव्हतं.

हे वळले, मला बघून चपापले. "तिला ऐकू येत नाही," म्हणाले. "ओठ बघून कळतं. माझे मिशीत लपायचे."

मुलगी अजून उत्तराची वाट बघत होती. मी आवाज न काढता ओठ हलवले, "सापडली."