जवसाचं तेल

लेकीने चपलांचं लाकडी कपाट उघडलं आणि कपाळाला हात लावला. फळ्या तेलाने निथळत होत्या. बाबांचे बूट, सपाता, आईच्या घरात घालायच्या चामडी चपला, सगळ्यांचे तळ तेल पिऊन काळे पडले होते.

"कपाटाला तेल लावलंत की अंघोळ घातलीत, बाबा?"

बाबा पेपरामागून म्हणाले, तुझी आई दरवर्षी लावायची, नाहीतर लाकडाला भेगा पडतात. यंदा ती नाही, म्हणून त्यांनी लावलं. आई फडकं तेलात बुडवून घट्ट पिळायची, कोरड्या फडक्याने पुन्हा पुसायची आणि चपला बाहेर ठेवून दारं चांगली चार दिवस सताड उघडी टाकायची. बाबांनी हे इतकी वर्षं खुर्चीतून पाहिलं होतं, म्हणजे पाहिलंच नव्हतं. त्यांनी आख्खी बाटली ओतली, लगेच चपला आत कोंबल्या आणि दारं लावून घेतली.

ती साबणाचं पाणी घेऊन फरशीवरचे तेलकट ठसे पुसायला बसली. तोंडाचा पट्टा चालूच होता. मोठे ठसे दारापासून खुर्चीपर्यंत होते, ते बाबांचे. छोटे मात्र स्वयंपाकघरात जात होते, खिडकीशी येत होते, पुन्हा स्वयंपाकघरात. प्रत्येक छोट्या ठशामागे उघड्या टाचेची एक कोर उमटली होती.

तिचा हात थांबला.

"आईच्या चपला तुम्ही घालता?"

बाबांनी पेपराची घडी घातली. मग ती मोडली. "दुपारचा. थोडा वेळ."

पाय घसरून पडलात म्हणजे निस्तरायचं कोणी, असं ती फणकाऱ्याने म्हणाली आणि त्या चपला उचलून कचऱ्याच्या पिशवीत घातल्या. तशाही त्या आता काय कामाच्या?

"वाजायच्या गं त्या," बाबा म्हणाले. "ती आत काम करत असली की फटफट ऐकू यायची. पेपर वाचताना मला तेवढं लागतं. आता तेलाने मऊ पडल्यात. चालून चालून पाहिलं. वाजतच नाहीत."

ती भयंकर चिडली. तेलावर, बाबांवर, आणि आईवरसुद्धा. कधी कोणाला त्या कपाटाला हात लावू दिला नाही, आणि कोणाला शिकवलंही नाही.

मग तिने चपला पिशवीतून काढल्या, कोरड्या फडक्याने खसाखसा पुसल्या आणि खिडकीत उन्हाला ठेवल्या.

"हात लावायचा नाही. वाळू देत."

बाबांनी मान हलवली.

फळ्या पुसून ती उठली, तेव्हा बाबांची खुर्ची खिडकीशी सरकलेली होती. त्यांच्या हातात एक चप्पल होती. त्यांनी ती हलकेच तळहातावर आपटली, कान देऊन ऐकलं, आणि पुन्हा होती तशी उन्हात ठेवून दिली.